मूड डिसऑर्डर असलेल्या मुलामुलींना भावना सांभाळायला शिकवताना: नव्या समुपदेशकांसाठी

शाळेत, क्लिनिकमध्ये किंवा संस्थेत नुकतंच समुपदेशनाचं काम सुरू केलेल्यांसाठी हा लेख आहे. समोर तेरा ते अठरा वयाचा मुलगा किंवा मुलगी आहे, मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशन किंवा बायपोलर (मूड कधी खूप खाली तर कधी खूप वर जाण्याचा आजार) असं मूड डिसऑर्डरचं निदान केलं आहे आणि आता 'स्किल्स' शिकवण्याचं काम तुमच्याकडे आलं आहे, असं धरून चालू.

आधी शब्दाबद्दल. 'भावनांवर नियंत्रण' असं म्हणू नका. आपल्याकडची मुलं ते ऐकून एकच अर्थ काढतात: रडायचं नाही, रागवायचं नाही, आतल्या आत गिळायचं. ते तर ती आधीपासून करतच असतात, आणि गिळलेलं एक दिवस ताटावर, दारावर किंवा स्वतःच्या अंगावर निघतं. 'भावना सांभाळणं' हा शब्द बरा. दुधाचं पातेलं गॅसवर असताना आपण सांभाळतो तसं: लक्ष ठेवायचं, वर यायला लागलं की आच कमी करायची. झाकण दाबून ठेवलं तर दूध उतू जाणारच.

इथली बरीचशी कौशल्यं डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी (डीबीटी) या तीव्र भावना सांभाळायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीतून आली आहेत. अमेरिकेत सिअ‍ॅटलला मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी ती विकसित केली. पुढे अलेक मिलर आणि जिल रेथस यांनी लिनेहान यांच्यासोबत ती किशोरवयीन मुलांसाठी बेतली आणि आईवडिलांनाही वर्गात बसवलं. नॉर्वेत 77 किशोरवयीन मुलांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 19 आठवड्यांच्या या उपचाराने स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त कमी झालं. पूर्ण डीबीटी द्यायला वेगळं प्रशिक्षण लागतं. त्यातली काही कौशल्यं मात्र तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली शिकवू शकता.

सुरू करण्यापूर्वी

तीन गोष्टी कागदावर हव्यात. पहिली, निदान नेमकं काय आहे. डिप्रेशन आणि बायपोलर यांत शिकवण्याचा क्रम तोच असला तरी एका ठिकाणी तो उलटा फिरतो. ते पुढे येईल. किशोरवयात डिप्रेशन नेहमी रडक्या चेहऱ्याने येत नाही. चिडचिड, उर्मटपणा, अभ्यासातून उडालेलं मन, सारखं पोट किंवा डोकं दुखणं या रूपात ते येतं, आणि घरच्यांना ते 'वयात आलाय' एवढंच वाटतं.

दुसरी, औषधं. ती बदलणं किंवा बंद करणं तुमच्या हातात नाही, पण माहिती हवीच. डिप्रेशनवरच्या औषधांच्या पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलल्यावर काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये तशी ठळक सूचना छापायला लावली. म्हणून त्या काळात दर आठवड्याला स्पष्ट विचारा. मूल लिथियमवर (बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवायला देतात ते औषध) असेल तर पाणी आणि मीठ एकदम कमी होता कामा नये, कारण त्याने रक्तातली लिथियमची पातळी चढते. निर्जळी उपास, जुलाब, मे महिन्यातली दिवसभराची क्रिकेट मॅच, किंवा दुखतंय म्हणून परस्पर घेतलेली आयबुप्रोफेन, यांतल्या कशानेही त्रास होऊ शकतो. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, चालताना झोक जाणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

तिसरी, सुरक्षा योजना. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो, हा गैरसमज आहे. सरळ विचारा: "कधी जगावंसं वाटत नाही असं होतं का? मरण्याचा विचार येतो का? काही ठरवलं आहेस का?" मग एका कार्डावर मुलाच्याच शब्दांत लिहा: धोक्याची लक्षणं कोणती, एकट्याने काय करता येईल, कुणाकडे जाऊन बसता येईल, कोणत्या दोन मोठ्या माणसांना सांगायचं, कोणता नंबर फिरवायचा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास आणि मराठीतही चालतो. मुलांसाठी 1098 आहे. घरातल्या गोळ्या कुलपात आणि किल्ली मोठ्यांकडे हवी. शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध घराबाहेर, कुलूप लावलेल्या जागी हवं. हे पालकांना समोर बसवून सांगा आणि पुढच्या भेटीत "कुलूप लावलं का?" असं विचारा.

पहिल्याच भेटीत गुप्ततेची मर्यादाही सांगून टाका. जे सांगशील ते माझ्याकडे राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्याशी लैंगिक गैरवर्तन केलं असेल तर मला पुढे सांगावं लागेल. 2012 च्या पॉक्सो कायद्याने दुसरी गोष्ट कळवणं बंधनकारक आहे. हे नंतर कळलं तर मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

किती भेटी, किती कौशल्यं

आठवड्याला एक भेट, 45 ते 50 मिनिटं, असे 12 आठवडे धरा. दर दुसऱ्या आठवड्यात आई किंवा वडील, जमल्यास दोघंही, 30 मिनिटं. एका भेटीत एकच कौशल्य. नवशिके हमखास इथे चुकतात: हाताशी पाच कौशल्यं असतात, मूल दुःखात असतं, मग पाचही एका तासात वाढून मोकळे होतात. मुलाला एकही आठवत नाही आणि 'हे पण करून बघितलं, काही होत नाही' अशी एक जादा निराशा त्याच्या पदरात पडते.

भेटीतला वेळ असा वाटा: मागच्या आठवड्याचं कार्ड (मूल रोज भरतं ते; कसं बनवायचं ते पुढे येईल) पाहायला 15 मिनिटं, नवं कौशल्य समजावायला 10, समोरासमोर करून पाहायला 15, आणि घरी ते कधी, कुठे, किती वाजता करायचं हे ठरवायला उरलेला वेळ. करून पाहणं कधीही गाळू नका. सायकल शिकवताना फळ्यावर पेडलचं चित्र काढून कुणी थांबत नाही.

घरचा सराव हाच या कामाचा कणा आहे. ऑस्ट्रेलियात शाळांमधल्या हजारभर मुलांना सरसकट आठ आठवडे डीबीटीची कौशल्यं शिकवून पाहिली, त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. फायदा तर दिसला नाहीच, उलट काही बाबतीत मुलं लगेच नंतर थोडी वाईट अवस्थेत होती, आणि घरी सराव करणारी फार थोडी होती. ती सरसकट वर्गातली मुलं होती, तुमच्यासमोरचं मूल आजारी आहे, हा फरक खरा. तरी त्यातून एवढं घ्या की गरज नसलेल्यांना एकदम वर्गात बसवून हे शिकवू नये, आणि ज्याला गरज आहे त्याच्या घरच्या सरावाकडे डोळेझाक करू नये.

टेन्शन म्हणजे नेमकं काय?

पहिलं कौशल्य भावनेला नाव देणं. मुलांकडे तीनच शब्द असतात: टेन्शन, बोर, मूड ऑफ. परीक्षेची भीती, मित्राने टाळल्याचा अपमान, बाबांवरचा राग, आईला दुखावल्याची खंत हे सगळं 'टेन्शन' या एकाच पिशवीत कोंबलेलं असतं. पण भीती वाटते तेव्हा करायचं वेगळं आणि अपमान झाल्यावर करायचं वेगळं, त्यामुळे पिशवी उघडावीच लागते.

इंग्रजी वर्कशीटवरचे छत्तीस चेहरे बाजूला ठेवा. आपल्या भाषेत माल भरपूर आहे. कोऱ्या कागदावर मुलासोबत यादी करा: हिरमुसणं, ओशाळणं, हुरहूर, रुखरुख, घालमेल, धास्ती, तगमग, हळहळ, हेवा, कानकोंडं होणं, रितं वाटणं, जीव नकोसा होणं. मुलाच्या बोलीतले, घरातले शब्दही घ्या. मुलगा 'डोकं सटकलं' म्हणत असेल तर तोच शब्द लिहा. 'हुरहूर' आणि 'धास्ती' यांतला फरक एकदा बोलून दाखवला की मुलं चटकन पकडतात: हुरहूर छातीत बारीक असते, धास्तीने पोटात गोळा येतो. मग प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने करा: शरीरात कुठे जाणवतं, त्या वेळी काय करावंसं वाटतं, 0 ते 10 मध्ये किती.

आकडा का? कारण मूड डिसऑर्डरमध्ये सगळं एकतर 'ठीक' असतं नाहीतर 'संपलं सगळं'. मधल्या पायऱ्या मुलाला दिसतच नाहीत. 4 वर असताना काहीतरी करता येतं. 9 वर विचार करायची ताकदच उरत नाही. मुलाला त्याचा स्वतःचा 4 कसा दिसतो हे शोधून द्या. कुणाचा पाय हलायला लागतो, कुणी नखं खातं, कुणी मोबाईल नुसता वर-खाली सरकवत राहतं.

यावरून रोजचं कार्ड बनवा: वहीच्या अर्ध्या पानावर सात ओळी, आणि रकाने पाचच. तारीख, दिवसातली सगळ्यात मोठी भावना आणि तिचा आकडा, झोप किती तास, औषध घेतलं का, कोणतं कौशल्य वापरलं. रात्री ब्रश करताना भरायचं, दोन मिनिटं. आईवडील ते वाचणार का, हे आधी तिघांत ठरवा. न ठरवता वही उघडली गेली की पुढच्या आठवड्यापासून सगळीकडे 5 लिहिलेले दिसतात.

शरीर आधी

13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. अकरावीतला मुलगा कॉलेज करून संध्याकाळी क्लासला जातो, साडेनवाला घरी येतो, जेवतो, अकरापर्यंत गणितं सोडवतो आणि मग मोबाईल घेतो. त्याला 'दहाला झोप' सांगणं निरर्थक आहे. उठण्याची वेळ आधी पक्की करा, रविवारीही तीच, फार तर तासाभराचा फरक. मग झोपण्याची वेळ दर चार दिवसांनी 15 मिनिटांनी अलीकडे आणा. मोबाईल चार्जिंगला स्वयंपाकघरात, आणि नियम मोठ्यांनाही तोच, नाहीतर तो टिकत नाही.

बायपोलरमध्ये झोपेचं महत्त्व दुप्पट. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी याच धाग्यावर एक उपचारपद्धती उभी केली: उठणं, पहिल्यांदा कुणाशी बोलणं, काम सुरू करणं, जेवणं, झोपणं यांच्या वेळा रोज शक्यतो त्याच ठेवायच्या. लग्नघरातलं रात्रभरचं जागरण, गणपतीतली रात्र, परीक्षेआधीची 'नाइट मारणं' यांनी मेनिया, म्हणजे मूड आणि ताकद प्रमाणाबाहेर वर जाण्याची अवस्था, सुरू होऊ शकतो. मुलाला सगळ्यातून बाहेर काढू नका. त्या दिवशी किती वाजता निघायचं आणि कुणासोबत घरी यायचं ते आधी ठरवा.

9 वर असताना

भावना 8-9 वर असते तेव्हा विचारांची कौशल्यं चालत नाहीत. तेव्हा शरीरातूनच खाली यावं लागतं. दोन उपाय पुरेत.

गार पाणी. मोठं पातेलं, त्यात माठातलं पाणी आणि थोडा बर्फ. पाणी सुमारे 10 अंश, त्याहून गार नको. खुर्चीत बसून, पुढे वाकून, श्वास रोखून कपाळ ते गालांचा भाग पाण्यात, जास्तीत जास्त 30 सेकंद. मग बाहेर येऊन श्वास. दोन-तीनदा. चेहऱ्याला गार पाणी लागलं आणि श्वास रोखला की नाडीचा वेग कमी होतो. पाण्यात बुडी मारताना होतं तेच. शाळेत पातेलं कुठून आणणार? बेसिनचं पाणी आणि ओला रुमाल डोळ्यांवर आणि गालांवर दाबून धरायचा. परिणाम थोडा कमी, पण मिळतो. हृदयविकार, खूप मंद नाडी किंवा खाण्याचा आजार असेल तर हे करू नका. नाडी मंद करणारं प्रोप्रानोलॉल हे औषध चालू असेल तरी आधी डॉक्टरांना विचारा. लिथियममुळे हात थरथरतात म्हणून ते काही मुलांना दिलेलं असतं.

लांब उच्छ्वास. चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, पाच मिनिटं. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं, एवढंच महत्त्वाचं. 'खोल श्वास घे' म्हटलं की मुलं जोरजोरात हवा ओढतात आणि चक्कर येते. म्हणून 'हळू सोड' म्हणा. श्वासाकडे लक्ष दिल्यावर काही मुलं जास्त घाबरतात, विशेषतः दमा असलेली किंवा आधी आघात सोसलेली. त्यांना तळपाय जमिनीवर दाबायला लावा, हाताच्या मुठी पाच सेकंद घट्ट आवळून सोडायला लावा.

या दोन्हींचा परिणाम काही मिनिटंच टिकतो. म्हणून 'त्यानंतर काय' हे सुरक्षा योजनेच्या कार्डावर लिहा: गच्चीवर जाणं, आजीजवळ जाऊन बसणं, कुत्र्याला फिरवून आणणं.

हे सगळं शांत असताना शिकवायचं. आरडाओरडा चालू असताना नवं काही डोक्यात शिरत नाही. आणि आईला आधीच सांगून ठेवा की भांडणात "तुझं ते श्वासाचं कर ना आता" असं म्हणायचं नाही. एकदा ते टोमण्यात आलं की मूल ते कौशल्य कायमचं टाकून देतं.

मूड येण्याची वाट न पाहता

डिप्रेशनमधलं मूल म्हणतं, "बरं वाटलं की करेन." हे चक्र उलटं फिरवायचं आहे: आधी छोटी कृती, मग मूड थोडा मागे येतो. कृती इतकी लहान करा की नाही म्हणायला लाज वाटेल. 'रोज चालायला जा' मोठं झालं. 'संध्याकाळी साडेसहाला चप्पल घालून खालच्या किराणा दुकानापर्यंत' चालेल. आठवड्याला तीन कृती, त्यातली एक आनंदाची, एक काहीतरी जमल्यासारखं वाटेल अशी, एक माणसांसोबतची. करण्याआधी आणि केल्यावर आकडा लिहायचा. 2 चा 3 झाला तर तो 3 दाखवा, टाळ्या वाजवू नका. पहिले दोन आठवडे आकडा हललाच नाही तरी चालू ठेवायचं, हे आधीच सांगा.

आता ती उलटी बाजू. बायपोलर असलेल्या मुलाची झोप चार तासांवर आली आहे आणि तरी थकवा नाही, बोलणं धावतंय, एका दिवसात यूट्यूब चॅनल, जिम आणि नवं स्टार्टअप सुरू होतंय. हे बरं वाटणं असू शकत नाही का? असू शकतं, पण झोप कमी होऊनही ताकद वाढलेली असेल तर मेनियाचा संशय घ्या. तेव्हा एकही कृती वाढवू नका. कमी करा: उजेड कमी, माणसं कमी, नवा बेत 48 तास पुढे, पैसे आईकडे. आणि मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन.

निळी टिक

वस्तुस्थिती तपासणं आणि उलट कृती ही जोडी सहाव्या-सातव्या आठवड्यात घ्या. समजा, दहावीतली मुलगी आहे. मैत्रिणीने मेसेज वाचला, निळी टिक आली, उत्तर नाही. दोन तासांत तिने मैत्रिणीला ब्लॉक केलं, जेवली नाही, आईशी भांडली. कागद आडवा धरा आणि तिच्याकडूनच लिहून घ्या. काय घडलं: फक्त कॅमेऱ्यात दिसेल तेवढं. 'तिने मला इग्नोर केलं' कॅमेऱ्यात दिसत नाही. 'सात वाजता टिक निळी झाली, नऊपर्यंत उत्तर नाही' दिसतं. मग मनाने काय अर्थ लावला: मी तिला नको आहे. भावना: अपमान 8, भीती 6. आणखी काय असू शकतं: क्लास, मोबाईल काढून घेतला, काय लिहावं सुचलं नाही. आता अपमान किती? बहुतेकदा 8 चा 5 होतो. 0 व्हायची अपेक्षा धरू नका.

भावना वस्तुस्थितीला धरून नसेल तर तिने सुचवलेल्या कृतीच्या उलट करायचं. दुःख म्हणतं पांघरूण घे, तेव्हा उठायचं. भीती म्हणते टाळ, तेव्हा थोडं जवळ जायचं. राग म्हणतो तोडून टाक, तेव्हा सौम्यपणे बाजूला व्हायचं. अर्धवट केलं तर उपयोग नाही. मान खाली घालून, दात आवळून बाजूला झालं तर राग तसाच राहतो.

पण भावना रास्त असेल तर? वर्गात खरोखरच छळ होत असेल, जातीवरून किंवा रंगावरून बोललं जात असेल, घरात मारहाण होत असेल, तर तिचे विचार तपासत बसणं हा अन्याय आहे. तिथे राग योग्य आहे. तिथे कौशल्य म्हणजे कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, आणि मोठ्यांनी काय करायचं.

आईबाबांचं अर्धं काम

मूल आठवड्यातले 50 मिनिटं तुमच्याकडे असतं, बाकी घरी. पालकांना एकच गोष्ट शिकवायला मिळाली तर ही: आधी भावना मान्य करा, मग बाकीचं. "एवढ्याशा गोष्टीचं काय रडतोस" ऐवजी "तुला हे फार लागलंय, दिसतंय." त्यापुढे दहा सेकंद गप्प. 'पण' हा शब्द नको; "समजतं रे, पण अभ्यास?" म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं. मान्य करणं म्हणजे वागणं मान्य करणं नव्हे. "राग आलाय हे कळतं. ताट फेकायचं नाही," दोन वेगळी वाक्यं म्हणता येतात. भेटीत आईला मुलाच्या जागी बसवा आणि तुम्ही आई व्हा. तीन मिनिटांत तिला कळतं. वडील 'ही सगळी नाटकं आहेत' म्हणत असतील तर वाद घालू नका. कार्डावरची झोप आणि आकडे दाखवा.

कार्ड कोरं आलं तर रागवू नका, कारण शोधा. विसरला? वही दप्तरात होती, ब्रश बाथरूममध्ये. मग कार्ड आरशाला चिकटवा. लाज वाटली? फक्त आकडे लिही. लिहिण्याइतकीही ताकद नव्हती? मग डिप्रेशन वाढलंय का ते पाहा.

दोन आठवडे सतत आकडे वाईट होत गेले, मूल खायचं-बोलायचं थांबलं, आवाज ऐकू येतात म्हणालं, मरण्याची पद्धत ठरवल्याचं कळलं, तर कौशल्यं थांबवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. मुलाला एकटं सोडू नका. कुणीतरी सोबत जायलाच हवं.

बाराव्या भेटीत नवं काही शिकवू नका. मुलाने खरोखर वापरलेली दोन-तीन कौशल्यंच एका कार्डावर त्याच्या अक्षरात लिहून घ्या, मागच्या बाजूला 'मी घसरतोय याची माझी लक्षणं' आणि 14416. एक प्रत पाकिटात, एक आईकडे, एक तुमच्या फाइलमध्ये. पुढची भेट महिन्याने, त्यानंतरची तीन महिन्यांनी, आणि दहावी-बारावीचं मूल असेल तर पूर्वपरीक्षेच्या पंधरा दिवस आधीची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.